काट मारलेल्या नऊ रात्री

सव्वीस वर्षं वेधशाळेत दुर्बीण चालवली त्या बाईने. सगळे तिला आक्का म्हणत. निवृत्तीला महिना उरला, आणि साहेबांनी तिच्या वहीतल्या नऊ रात्रींवर लाल काट मारली! शेजारी शेरा: ‘चालकाची चूक’. वा रे न्याय!

काम होतं एका ब्लेझरवर नजर ठेवायचं. ब्लेझर म्हणजे फार दूरची दीर्घिका. तिच्या पोटातल्या कृष्णविवरापासून निघालेला झोत नेमका आपल्याच रोखाने येतो. त्याचा प्रकाश कुठल्या दिशेला कंप पावतो, तो कोन आक्का दुर्बिणीवरची गाळणी, म्हणजे फिल्टर, फिरवून मोजायची. एरवी तो जरासा इकडेतिकडे व्हायचा. या नऊ रात्रींत थोडा थोडा करत एकशे साठ अंश फिरला.

“एवढा फिरतो होय? तुमची गाळणी ढिली राहिली असणार,” साहेब म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

“जाऊ दे ना, महिनाच तर राहिलाय,” घरी नवरा म्हणाला. तो शिंपी.

आक्का भडकली. “जन्मभर शिवलेल्या कपड्यांवर शेवटी कुणी ‘उसवलेले’ म्हणून लिहिलं, तर तुम्ही जाऊ द्याल?”

नवऱ्याने सुई ओवली.

सकाळी तिने वही साहेबांच्या टेबलावर आपटली. “हा तारा बघा. याचा कोन कधी बदलत नाही, म्हणून सगळे यावरच यंत्र तपासतात. रोज ब्लेझरच्या आधी एकदा, नंतर एकदा, असा अठरा वेळा मोजलाय मी, जरासुद्धा हलला नाही. गाळणी ढिली असती तर याचाही कोन नसता का फिरला?”

साहेबांनी पानसुद्धा उलटलं नाही. “बघू.”

चौथ्या दिवशी उपग्रहवाल्यांचा निरोप आला: नेमक्या त्याच नऊ दिवसांत त्या ब्लेझरमध्ये गॅमा किरणांचा भडका उडाला होता. साहेबांनी आक्काला खोलीत बोलावलं. चेहरा नुसता फुललेला. “कमाल केलीत हो! भडका आणि कोन, एकाच वेळी! म्हणजे कोन खरंच फिरला होता. तो शेरा तेवढा खोडून टाकू.”

“खोडायचा नाही,” आक्का म्हणाली. “तो उपग्रह तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी त्याचं एका मिनिटात खरं. मी सव्वीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर, आणि मला ‘बघू’! त्या शेऱ्याखाली लिहा, चूक कुणाची ते.”

साहेबांनी बाहेर बसलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि उठून आधी दार लावून घेतलं.

आक्काने जाऊन ते सताड उघडलं. “हं, आता लिहा.”