दिसतंय की नुसतं चालतंय?

चष्मेकाकांसमोर 'चालेल' म्हणायची सोय नव्हती. तेलीबागेतल्या त्यांच्या दुकानात, नाकावर तपासणीची ती जड फ्रेम पेलत, मी एकदा तो शब्द उच्चारला आणि त्यांनी डोळ्यापुढचं भिंग काढूनच घेतलं. "चालेल काय? भाजी आहे का ही, मीठ कमी पडलं तरी चालवून घ्यायला? दिसतंय की नुसतं चालतंय, ते सांग." मी तेव्हा नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी लखनौला नवीनच आले होते. घरीदारी सगळ्यांना 'चालेल, चालेल' म्हणून जीभ झिजलेली. 'नाही, मला दिसत नाही' असं ठणकावून सांगायला मी शिकले ती त्या खुर्चीत.

काका मूळचे अमरावतीचे. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेऊन उमेदीत इकडे आले आणि इथलेच झाले. हिंदी मात्र शेवटपर्यंत वऱ्हाडी ठसक्यात! एखादं गिऱ्हाईक कंटाळून "चल जाएगा भाईसाहब" म्हणालं की हे डाफरायचे, "यहाँ चल जाएगा नहीं चलता. पढ़कर बताइए."

चिकनकाम करणाऱ्या बायका तर सुईदोरा आणि अर्धवट भरलेला कुर्ता घेऊनच यायच्या. त्यांना काका अक्षरांचा तक्ता दाखवतच नसत. मांडीवर कापड घेऊन टाके घालायला लावायचे आणि बाईची मान किती वाकते ते बघत बसायचे. मान सरळ होईपर्यंत भिंगं बदलणं चालूच. बाहेर बाकावर खोळंबलेली माणसं नुसती धुमसायची. काकू हसून म्हणायच्या, "हे दुकान नाही गं, ये तो परीक्षा केंद्र है."

अशा माणसाच्या व्यवसाय-नोंदणीची मुदत संपली आणि त्यांना पत्ताच नाही! काकूंच्या आजारपणात सगळंच मागे पडलं होतं. लक्षात आल्याबरोबर काका नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या कचेरीत धावले. अर्जात एक प्रश्न होता : मुदत संपल्यावर काम केलंत का? खिडकीमागच्या बाबूने आपणहून सुचवलं, "डॉक्टर साहब, 'नहीं' लिख दीजिए. सब यही लिखते हैं. चल जाएगा."

झालं! नेमका तोच शब्द. काकांनी 'हो' लिहिलं. साध्या उशिराचं एकदम शिस्तभंगाचं प्रकरण झालं, फाइल समितीकडे गेली आणि समिती काही बसेना.

मला भयंकर राग आला. म्हटलं, "अहो काका, एक शब्द लिहायचा होता! कुणाचं काय बिघडलं असतं?"

"माझं बिघडलं असतं. उद्या तुला या खुर्चीत बसवून खरं बोल म्हणायचं कोणत्या तोंडाने?"

मग सुरू झाली ती कैदच म्हणायची. पाहणीला माणूस कधीही येईल, दुकान चालू दिसलं पाहिजे, असं कौन्सिलने बजावलेलं; आणि निकाल लागेपर्यंत डोळे तपासायचे नाहीत, हेही बजावलेलं. काका रोज विमानतळाजवळच्या सरोजिनी नगरातल्या घरून येत, शटर उघडत, खुर्चीवरची चादर तशीच ठेवत आणि स्टुलावर बसून फ्रेमचे स्क्रू आवळत राहत. मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणायचा, "पापा, छोड़ दो यार, यहाँ आ जाओ." पण निकालाआधी सोडलं तर पळून गेल्यासारखं होणार. घरावरून विमान गेलं की काकू वर बघत म्हणायच्या, "अच्छा, हेही गेलं आपल्याला न घेता."

मलिहाबादचे एक म्हातारे बागवाले दर हंगामात दशहरी आंब्यांची पेटी घेऊन यायचे. त्यांनी तर त्या वर्षी हात जोडले. "शटर गिरा दीजिए, हमारी आँखें देख लीजिए. कौन देख रहा है?" काका म्हणाले, "मैं देख रहा हूँ न." बागवाले पेटी तिथेच ठेवून गेले. काम न करता मिळालेल्या त्या आंब्यांना हात लावायचीही काकांची इच्छा नव्हती.

दिवसभर काम काय, तर कौन्सिलची पत्रं पुन्हापुन्हा वाचायची. एकदा चष्मा वर सरकवून मला म्हणाले, "बघ बघ, यांच्या पत्रातल्या ओळीसुद्धा सरळ नाहीत!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. किती दिवसांनी हसलो होतो!

दोन उन्हाळे असेच गेले आणि एकदाची नोंदणी परत मिळाली. काकांनी खुर्चीवरची चादर ओढून काढली, खुर्ची पुसली, आणि मला पहिला मान दिला. मी बसले. भिंगांच्या पेटीवर त्यांची बोटं फिरू लागली. एक भिंग लावलं. धूसर. दुसरं लावलं, आणखी धूसर. "आता?" त्यांनी विचारलं. या एका क्षणासाठी माणूस दोन वर्षं कोंडून बसला होता. 'हो' म्हटलं असतं तर तो केवढा सुखावला असता! पण मी त्याच खुर्चीत बसले होते.

"नाही काका. दिसत नाही."

त्यांनी भिंग काढून उजेडात धरलं. कडेचे बारीक आकडे त्यांना लागत नव्हते. मग एक डोळा हाताने झाकून ते समोरच्या दाराच्या चौकटीकडे बघत उभे राहिले. "चौकट वाकडी दिसतेय गं," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्या कुणी ओळी वाकड्या दिसतात म्हटलं असतं, तर त्याच पावली डोळ्यांच्या दवाखान्यात धाडला असता मी त्याला. आणि स्वतः मात्र पत्रांना हसत बसलो."

काकांच्या डोळ्यातल्या पडद्याचा आजार होता. वेळेवर आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. मला अपराधी वाटत होतं, तर मलाच म्हणाले, "खरं बोललीस. आता रडू नकोस."

बेंगळुरूला निघाले त्या दिवशी मी विमानतळावर गेले होते. काकूंचा हात धरून ते फलकाकडे बघत होते, आपलं विमान शोधत. मी विचारलं, "काका, दिसतंय ना नीट?"

त्यांनी थोडा वेळ डोळे बारीक केले. मग माझ्याकडे वळून हसले.

"चालेल," म्हणाले.

त्यांच्या तोंडून तो शब्द उत्तर म्हणून मी पहिल्यांदाच ऐकला. 'चालेल काय?' म्हणून डाफरायला हवं होतं मी. पण मी फलकावरची त्यांच्या विमानाची ओळ त्यांना वाचून दाखवली.