आसवांची घागर

राखेनं निम्मी घासलेली घागर खाली ठेवून गुरम्मा सासूकडं वळली. लातूर जिल्हा झाला त्या साली रेणापूरच्या विहिरी आटल्या होत्या. पण सासू पार्वतम्मा रडली, की रिकामी घागर आपोआप भरायची. महादेवाला आता आसवांचा अभिषेक हवाय, असं पूजेत तळहातावर घेतलेल्या इष्टलिंगाकडं बघत गुरम्मानं मनाशी धरलं होतं. ती रोज सासूला रडवायची.

“आत्या, मामंजींनी मरताना तुमचं नावसुदीक घेतलं न्हाई.”

“लई खेपा ऐकलं हे,” म्हातारी म्हणाली. “आता रडू येत न्हाई, बाई.”

गुरम्मानं तिचा हात निखाऱ्यावर धरला. म्हातारी कळवळून रडली आणि घागरीत पाणी चढलं. तेवढ्यात सांडलेल्या राखेवर ठसे उमटले. माणसाचे नव्हेत, जनावराचेही नव्हेत. दिसत कुणीच नव्हतं, पण ठसे म्हातारीभोवती दाटीनं उभे राहिले. ती बेशुद्ध पडली, तसे ते दाराकडं वळले. पाणी अर्ध्यावरच थांबलं.

हा महादेव नव्हता. रडणं बघायला कुणीतरी जमत होतं, आणि पाणी हा त्याचाच मोबदला होता.

गुरम्मा पोटभर पाणी प्याली, घागर झाकली आणि लहानपणापासून हळवी असलेल्या लेकीला, रुद्राणीला, माहेरपणाला आणायला मुरुडला निघाली.