हे काही भिलाई नव्हे

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा गाडीतून जवळजवळ उडीच मारावी लागली. प्लॅटफॉर्म म्हणजे मुरूम टाकून चोपलेली जमीन. पोर्टरने धावत येऊन पायरीखाली लाकडी स्टूल ठेवलं, तेव्हा कुठे नऊवारी सावरत मी खाली पाय टेकला. माझे यजमान तिथले असिस्टंट स्टेशनमास्तर. ते तोवर गार्डशी बोलायला पुढे निघूनही गेले होते.

स्टेशन इंग्रजांच्या वेळचं. जाड भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढे लाकडी खांबांचा व्हरांडा आणि तिथे घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. तिकिटाची खिडकी इतकी खाली होती की चांगल्या उंच माणसालाही कमरेत वाकावं लागे. सलाम आपोआप घडावा म्हणून कुणा साहेबाने ती मुद्दाम तशी ठेवली असेल, असं हे म्हणायचे. मागे गोड्या पाण्याची विहीर. गाडी थांबली की लोक तांबे घेऊन तिकडे पळत. विहिरीपलीकडे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. नागपूरकडची माणसं सोडून आलेली मी, पहिले दोन महिने दाराच्या फटीतूनच गाड्या पाहत होते.

पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं आणि कुठकुठली माणसं यायला लागली. गंमत अशी की कारखाना आमच्यापासून काही मैल मागे, दुर्गच्या बाजूला. पण नाव भिलाईचं, म्हणून सगळे आमच्याकडे उतरत, शेतं पाहून बावरत आणि खिडकीत वाकून विचारत, "कारखाना कुठाय?" ह्यांना ते उत्तर तीन भाषांत पाठ झालं होतं.

एका सकाळी गोंदियाकडून येणाऱ्या पॅसेंजरमधून एक म्हातारी उतरली. डोक्यावर बोचकं, हातात काठी. उतरलेल्यांची तिकिटं गोळा करणाऱ्या ह्यांना म्हणाली, "मास्तर, भिलाई कवा येईन जी?"

"आली न, आजी. हेच भिलाई."

"कावून थट्टा करता जी म्हातारीची? माह्या पोरानं लिवलं हाय, भिलाईत आभाळाले टेकलेल्या चिमण्या हायत. अठी तं नुसत्या दाणे टिपणाऱ्या चिमण्या दिसून रायल्या."

ह्यांनी स्टेशनाची पाटी दाखवली. ती म्हणाली, पाटी काय, कोनीबी लावते. मुलगा घ्यायला येणार होता, तो आला नाही, हा तिच्या लेखी दुसरा पुरावा. खरी भिलाई पुढे आहे, पुढच्या गाडीने जाईन, असं म्हणून ती बाकावर बसली ती बसलीच.

दुपारी हे जेवायला घरी आले. "तुझ्याच मुलखातली दिसते. तू बोल तिच्याशी. मी हरलो."

पहिल्यांदाच मी एकटी प्लॅटफॉर्मवर गेले. ताटात वरणभात होता. तिने ताटाला हात लावला नाही. आधी माझं माहेर विचारलं, मग वडिलांचं गाव, मग आईचं. आईचं गाव तिच्या गावापासून दोन कोसांवर निघालं, तेव्हा "मंग आन" म्हणून जेवली. पण भिलाईबद्दल मात्र ऐकेना.

संध्याकाळची रायपूरकडे जाणारी गाडी आली. म्हातारी उठली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि पायरीला हात घातला. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"आजी, पुढं उतरली तं पोरगा तुमाले कुठी शोधन?"

"भिलाईत शोधन."

"अन् भिलाई हेच असन तं?"

गार्डने शिट्टी दिली. तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पायरीवरचा हात काढून घेतला. गाडी गेल्यावर मात्र ती बोचक्यावर बसून रडायला लागली. गावाचा प्रश्न राहिलाच नव्हता. मुलगा कुठेच नसला तर, ही भीती तिला दिवसभर धरून होती. मलाही रडू आलं.

तिन्हीसांजेच्या आत सिमेंटच्या गोण्यांचा एक ट्रक येऊन थांबला. त्यातून डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटने पांढरा झालेला एक जवान पोरगा उतरला. आई दुर्गला उतरेल अशा समजुतीने तो दिवसभर तिथल्या स्टेशनावर बसला होता. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चिमण्या कुठी हायत?"

"बांधून राहिलो न, माय. होतीन."

"मंग हायत असं कावून लिवलं?"

तो खाली पाहत म्हणाला, "नाई तं तू आली नसती."

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सिमेंटची धूळ उडाली, दोघंही खोकायला लागली. मग तिनेच पदराने त्याचं तोंड पुसलं. व्हरांड्यात हे आणि पोर्टर हसू दाबत उभे होते.

मायलेक ट्रकने मजुरांच्या वस्तीत राहायला गेली. पुढे धुराडी खरंच उभी राहिली. कारखान्याजवळ गाड्या थांबायला लागल्या तशी आमच्याकडची गर्दी ओसरली आणि ह्यांची बदली जवळच्याच चरोद्याच्या रेल्वे यार्डात झाली. त्याआधी, आम्ही त्या जुन्या क्वार्टरमध्ये असतानाच, मला मुलगी झाली. माझ्या आईला दमा होता, तिला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. ही गोष्ट म्हातारीच्या मुलाला कुठूनशी कळली आणि तिसऱ्या दिवशी म्हातारी दारात हजर. सव्वा महिना राहिली. रोज सकाळी चुलीपुढे पाय पसरून, पायांवर बाळाला पालथी घेऊन तेल चोळायची आणि गाडीचा आवाज आला की तिला सांगायची, "रडू नको वं, तुह्या बापाची गाडी हाय."