थांबा मिस्त्रींनी बसवलेला स्टार्टर

थांबा मिस्त्री हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गॅरेजच्या गल्लीनं दिलेलं. कुणी गाडीची किल्ली हातात घेतली रे घेतली की मिस्त्री लांबूनच "थांबा!" म्हणून ओरडत. मग स्वतः आत वाकून गिअरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून बघत आणि गाडी न्यूट्रलला आहे अशी खात्री पटली की मगच "हं, फिरवा" म्हणत. एकदा तर दुरुस्तीला आलेल्या गाडीत इंजिनच नव्हतं, तरी मिस्त्री ओरडलेच. तेव्हापासून नाव पक्कं झालं.

हसणाऱ्यांचं काय जातं? मिस्त्री उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या उस्तादांचा पाय गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला होता. गाडी गिअरमध्ये होती आणि किल्ली भलत्याच कुणी फिरवली होती. पाय गेला तो गेलाच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मिस्त्री पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

जगात त्यांना जवळचं माणूस एकच, थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच त्यांना वाढवलं. आता तिची नजर अधू झाली होती. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ठरावीक दिवशी हॉस्पिटलात जावं लागे, आणि ती वारी चुकली तर उरलीसुरली नजरही जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊजी तिला आपल्या जुन्या गाडीतून नेत. गाडीवर भाऊजींचा भारी जीव. पण गाडीचा स्टार्टर थकला होता. किल्ली फिरवली की घर्र घर्र करत कण्हायचा, मनात आलं तर इंजिन चालू करायचा, नाहीतर गप्प. मागच्या खेपेला हॉस्पिटलच्या दारात त्यानं हात टेकले आणि डोळ्याला पट्टी बांधलेली ताई खाली उतरून उन्हात उभी राहिली. ते ऐकून मिस्त्रींनीच विषय काढला.

"भाऊजी, याची दुरुस्ती आता पुरे. नव्या पद्धतीचा स्टार्टर टाकू. आकारानं लहान असतो, पण आत दातेरी चाकं असतात, जोर दुप्पट."

"टाक बाबा. तुझ्या बहिणीच्या शिव्या वाचतील."

मिस्त्रींनी जीव ओतून काम केलं. जुनं धूड उतरवलं, नव्याचे दाते इंजिनच्या चक्राशी नीट जुळतात का ते पुन्हा पुन्हा तपासलं, बॅटरीची जाडजूड केबलही नवी घातली. किल्ली फिरवण्याआधी अर्थात "थांबा!" झालंच. मग इंजिन एका झटक्यात सुरू झालं. भाऊजींनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि शीळ घालत गाडी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री गॅरेजचं शटर वर करत होते तेवढ्यात भाऊजींचा फोन आला.

"अरे, काय जादू केलीस! आत बसायचीसुद्धा गरज नाही. रस्त्यावर उभी होती, बाहेरूनच खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली, लगेच चालू! आत्ता अंगणात आणून, गिअरमध्ये घालून बंद केलीय. हिचं आवरलं की निघतोच हॉस्पिटलला."

"भाऊजी, बाहेरून नका..."

फोन बंद झाला होता.

मिस्त्री शटर अर्धवट धरून तसेच उभे राहिले. ताईच्या घरापेक्षा रस्ता उंच होता. गाडीचं तोंड फाटकाकडे, अंगण मागे उतरतं. हँडब्रेक नीट धरत नाही म्हणून भाऊजी गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून ठेवत, आणि कितीदा तरी तशीच किल्ली फिरवत. जुन्या स्टार्टरमध्ये चढावर गाडी ओढण्याचा दम कुठला? तो नुसता कण्हायचा. मग भाऊजी कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरेच्चा, गिअर!" त्यांचं हे विसरणं इतकी वर्षं त्या मरतुकड्या यंत्रानं पोटात घातलं होतं. नव्याला दम होता. तो गाडीला झेप घ्यायला लावणार होता. आणि किल्ली फिरवायच्या वेळी बंपरच्या पुढ्यात, फाटकाच्या कडीशी झटापट करत कोण उभं असायचं? ताई.

मिस्त्रींनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. भाऊजी फोन गाडीत टाकून मोकळे होत असत. मिस्त्रींनी शटर तसंच सोडलं आणि ते धावत सुटले.

घर काही फार लांब नव्हतं, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. उस्तादांची किंकाळी कानात वाजू लागली, आणि दर पावलाला तो आवाज ताईचा होत होता. आपणच बसवला, आपल्याच हातानं बसवला, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. देवाचं नावसुद्धा आठवेना.

वळणावरून फाटक दिसलं. ताई आत, गाडीकडे पाठ करून, कडी चाचपत होती. भाऊजी गाडीबाहेर उभे, हात खिडकीत.

"थांबा!" मिस्त्री जीव खाऊन ओरडले. "भाऊजी, थांबा!"

भाऊजींनी ऐकलं. मान वर करून हसलेसुद्धा. थांबा मिस्त्री थांबाच म्हणणार, दुसरं काय? त्यांनी किल्ली फिरवली.

ताईला मात्र भावाचा आवाज ओळखू आला, पण माणूस दिसेना. कोण कुठून ओरडतंय ते बघायला ती डोळे बारीक करत फाटक सोडून खांबाकडे सरकली. तेवढ्यात गाडीनं उडी मारली. फाटकाची एक फळी पार वाकली, कडी उडून रस्त्यावर पडली, आणि गाडी फाटकाला छाती लावून, धडपडत बंद पडली.

ताई खांबाला चिकटून उभी होती. पदराचं टोक बंपरखाली अडकलं होतं.

मिस्त्री तिथंच रस्त्यावर बसले. ताईच म्हणाली, "अरे धाकट्या, काय झालं? कसला आवाज झाला?" तिला नीटसं दिसलंच नव्हतं. भाऊजींना सगळं दिसलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्या दिवशी ताईला मिस्त्रींनी रिक्षानं नेऊन आणलं. परत येऊन त्यांनी क्लचच्या पेडलखाली एक छोटं बटण बसवलं. आता आत बसून क्लच पुरता दाबल्याशिवाय स्टार्टर हलणारच नव्हता.

"त्यापेक्षा जुना परत बसव," भाऊजी पुटपुटले. "मी नाही हात लावणार याला."

"जुना पुन्हा हॉस्पिटलच्या दारात मान टाकेल. तुम्ही गाडी गिअरमध्ये ठेवा आणि बाहेरूनच किल्ली फिरवा. काही होत नाही, बघा तरी."

असं म्हणून मिस्त्री गेले आणि गाडी नि वाकलेलं फाटक यांच्यामध्ये, ताईच्या जागेवर, जाऊन उभे राहिले. काम आपल्या हातचं होतं, दहादा तपासलेलं होतं.

"फिरवा."

"वेडा आहेस का? बाजूला हो आधी!"

"का? ताई दर खेपेला उभी राहायची की इथं."

भाऊजींचा हात खिडकीत होता तो तसाच राहिला. मग त्यांनी किल्ली काढून घेतली आणि ते अंगणाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. ताई चाचपडत त्यांच्याजवळ गेली. मिस्त्रींनी बाजूला होऊन स्वतःच बाहेरून किल्ली फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

पुढच्या खेपेला भाऊजींनी फाटक स्वतः उघडलं. ताईला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, मग पुढे बसून क्लच दाबला. किल्लीवर हात ठेवला आणि थांबले.

"अगं, कुठं आहेस तू?"

"ही काय, मागे. तुम्हीच बसवलंत ना? चला आता."

तरी त्यांनी मान वळवून तिला एकदा नीट बघून घेतलं, आणि मगच किल्ली फिरवली.