सुईवाल्याची खोटी वर्दी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली. आता तुम्हाला सांगतो — ऐकून माझ्याबद्दल मन विटलं तर विटू द्या.

तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी मी मास्तर होतो. इंग्रजांचा अंमल होता. नाल्यापलीकडच्या गावातही आमच्याएवढीच शाळा, एकच मास्तर, निम्मी पोरं भिलांची. म्हणून शाळा तपासणारे डिप्टीसाहेब दोन्ही शाळांचे निकाल शेजारी ठेवून बघत. सारखीच पोरं, मग तुमची मागे का? — हेतू चांगला होता. तो मास्तर कसं शिकवतो, हे मी जाऊन बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गेलो का? छे, माझा ताठा आडवा आला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कच्च्या पोरांच्या पाड्यावर गेलो. सांगितलं, उद्या शाळेत देवी टोचणारा येतोय. सुईला तिथे सगळेच भीत. दुसऱ्या दिवशी ती पोरं रानात आणि वर्गात तेवढी पक्की. आमचा निकाल वर गेला. साहेबांनी पाठ थोपटली, वर शेजारच्या मास्तरालाच माझ्याकडे शिकायला धाडलं. त्याला मी काय शिकवलं असेल?

एवढ्यावर निभावलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण त्या हिवाळ्यात देवी टोचणारा खरंच आला. तो पाड्यावरून गेल्यावर त्या कच्च्या पोरांतल्या वेस्त्याचा बाप माझ्या दारात आला, खुशीत.

"गुरुजी, तुम्ही सांगेल व्हतं ना, मी पोऱ्याले रानमा दपाडी ठेवं."

पोराला त्याने रानात लपवलं होतं; टोचणारा अजून पुढच्याच गावात होता. पोराला घेऊन तिथे जाता आलं असतं. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं, साहेबांच्या कानावर गेलं असतं... मी म्हणालो, बरं केलंस. हो, हेच म्हणालो.

होळीच्या सुमारास पाड्यावर देवी आल्या. वेस्त्या गेला. तो कच्चा नव्हता हो — आपल्या बोलीत हिशेब पटापट करायचा, मराठीत तोंड उघडायला बिचकायचा एवढंच. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पावसाळा सरल्यावर त्याचा बाप धाकट्या पोरीला घेऊन शाळेत आला. तिला पुढे करून म्हणाला, "गुरुजी, हाई पोर आते तुम्हना हवाली."

मी तिचं नाव पटावर घेतलं. त्याच्याकडे बघून — नाही, बघितलंच नाही.