वाचलंय, असं मी म्हणालो

पुस्तक परत घेताना बनसोडे बाई मुलांना गोष्ट सांगायला लावत नसत. एवढंच विचारत, "कुठं अडलास?" कुठंच नाही म्हणणाऱ्याच्या हातात तेच पुस्तक पुन्हा ठेवत. "न अडता कोण वाचतं रं? नुसती पानं उलटलीस."

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात शाळेचं ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं. मराठी शिकवता शिकवता बाईच ती सांभाळत. मी साखर कारखान्यात कारकून. घराणं मूळचं आटपाडीकडच्या माळावरचं, मेंढरं राखणारं, बिरोबाचं. दर जत्रेला माझ्या आईच्या अंगात देव यायचा.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माझी मुलगी सुनंदा सातवीत होती. तिनं बाईंच्या कपाटातून एक पुस्तक आणलं आणि जेवताना आजीला विचारलं, "आजी, तुझ्या अंगात खरंच देव येतो, का मनाचा खेळ असतो?" आई ताटावरून उठली. सकाळी भाकरी थापताना मला म्हणाली, "पोरीला माझी लाज वाटाय लागली व्हय रं?"

ते मला सहन झालं नाही. मी पुस्तक उघडून अंगात येण्यावरच्या एका प्रकरणाचं नाव तेवढं पाहिलं आणि सात-आठ पालक गोळा करून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. बाईंना बोलावलं गेलं. त्या उभ्याच होत्या. आमच्यातला एक जण म्हणाला, "आवं, बाईंचा धर्मच येगळा. आमच्या देवाचं त्यास्नी काय?"

बाईंच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला होता, हे गावाला ठाऊक होतं. पण मला आणखीही काही ठाऊक होतं. सुनंदा टायफॉइडनं महिनाभर पडून होती, तेव्हा बाई रोज घरी येऊन तिला शिकवत. एकदा आईनं त्यांच्यापुढं भंडारा धरला. बाई म्हणाल्या, "आजी, आमच्यात लावत न्हाईत. पण तुमी दिलाय, तर जपून ठेवते." कागदाची पुडी करून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला. आई त्या दिवशी खूश होती. हे त्या खोलीत मी सांगायला हवं होतं.

बाई माझ्याकडं वळल्या. "दादा, तुमी वाचलंय का पुस्तक?"

"वाचलंय," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

त्या म्हणाल्या, "तुमी वाचून म्हणताय, तर माझंच चुकलं असंल." मुख्याध्यापकांनी कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या. वर्ष संपताच बाईंची बदली संस्थेच्या लोणंदच्या शाळेत झाली.

पुस्तक मुलांच्या हाती लागू नये म्हणून मीच शाळेतून परत घरी आणून माळ्यावर टाकलं होतं. पुढं एकदा आजारी पडलो तेव्हा वाचलं. लेखकाच्या आईच्याही अंगात यायचं. त्यानं लिहिलं होतं, घरातले सगळे तिचं ऐकायचे, तो वर्षातला एकच दिवस. टवाळी कुठंच नव्हती. मी आईच्या चुलीपुढं जाऊन बसलो.

तरी लोणंदला जायला मला आणखी दोन वर्षं लागली. बाईंनी घरात घेतलं, चहा केला. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसून म्हणतील, जाऊ द्या दादा, मला तेव्हाच कळलं होतं.

त्यांना कळलं नव्हतं. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मी खरं धरलं, दादा. मला वाटलं, आजींना मी दुखवलं. त्यानंतर पोरास्नी पुस्तक द्यायचं म्हटलं की हात मागं येतो माझा. किती पुस्तकं दिलीच न्हाईत मी."

मी माफी मागितली.

"केली माफ," त्या म्हणाल्या. "पण ती पोरं तर शाळा सोडून गेली की हो."