वीतभर पाणी

"कोनासाठी इच्यारून राह्यले?"

धरणात पाणी किती आहे, असं कोणी विचारलं की मामाजी आधी हा उलट प्रश्न टाकत. उत्तर येईपर्यंत खांद्यावरच्या दुपट्ट्यानं चष्मा पुसत राहत आणि मग माणूस पाहून पाणी सांगत. मासेमारी संस्थेचा अध्यक्ष असला तर, "मासोळीले पुरते." गव्हासाठी विचारणारा असला तर, "तुमच्या पाळीपुरतं हाय, शेजाऱ्याचं इच्यारू नका." नवीन लग्न झालेलं एखादं जोडपं फिरायला आलेलं असलं तर, "फोटोपुरतं लय हाय, पन पायऱ्या उतरू नका."

सरकारी कागदावर ते धरणाचे चौकीदार. पण रोज सकाळी आठला चौसष्ट पायऱ्या उतरून पाण्यातल्या मोजपट्टीवरची पातळी वाचायची आणि वर येऊन रजिस्टरात लिहायची, हे कामही त्यांच्याकडेच होतं. मी तिथे शाखा अभियंता म्हणून आलो तो नव्वदीच्या मधल्या वर्षांत. मामाजींच्या आकड्याखाली माझी सही होई. आठवड्यातून एकदा मी स्वतः उतरून आकडा ताडून पाहावा, असा नियम होता. पहिल्या महिन्यात दोनदा उतरलो, पुढे उतरलो नाही. उतरायला काही नाही हो, पण उतरलेलं चढावंही लागतं. मग मी म्हणू लागलो की मामाजींवर आपला पूर्ण विश्वास आहे. तुम्ही नोकरी केली असेल तर अशा विश्वासात आळस किती असतो, ते तुम्हाला ठाऊक असेल.

धरण एक आणि मागणारे शंभर. तालुक्याच्या गावाला नळाचं पाणी हवं, ते पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. कालव्याच्या वरच्या अंगाला गहू-हरभरा, शेवटच्या टोकाला संत्र्याच्या बागा. मासेवाल्यांना पाणी खाली जायला नको. ज्यांची गावं धरणात बुडाली त्यांना मात्र ते लवकर खाली जायला हवं, कारण पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर ते टरबुजं लावत. नदीकाठची गावं म्हणत, नदीत सोडा, आमच्या विहिरी आटल्या. सगळ्यांचंच म्हणणं बरोबर होतं आणि तेच दुखणं होतं. एखादा तरी लबाड असता तर त्याच्यावर ओरडून मोकळं होता आलं असतं. मी दिवसभर हे ऐके, संध्याकाळी घरी जाई आणि बायकोनं "काय भाजी करू?" एवढं विचारलं तरी मला ती कसली तरी मागणी वाटे.

मामाजी म्हणत, "साहेब, सर्वात मोठा मागनारा तं तुमच्या यादीतच नाई."

"कोण?"

ते बोट वर करत. भर दुपारचा सूर्य. "ना अर्ज करत, ना मोर्चा आनत. दिवसभर पिऊन राह्यला."

वर्षातून एकदा ते केळझरला गणपतीच्या दर्शनाला जात. बाप्पाजवळ काय मागितलं, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, पाऊस मागितला असेल. "पाऊस सारेच मांगतात जी," ते म्हणाले. "मी म्हनलं, आहे थे उडून जाऊ देऊ नको."

मासेमारी संस्थेच्या अध्यक्षानं एकदा त्यांच्यासाठी चांगला हातभर मासा आणला. मामाजींनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. मग त्यांनी तो परत दिला. "नेऊन द्या घरी. मासोळी खाल्ली का मले पट्टीवर पानी कमीजास्त दिसते." अध्यक्ष गेल्यावर ते बराच वेळ उदास होते. "मोठी होती, नाई साहेब?" असं त्यांनी संध्याकाळपर्यंत दोनदा विचारलं.

त्यांचा कोरडेपणा मला कधी कधी असह्य होई. पण बैठकीला जायच्या आधी मी त्यांच्याच खोलीत जाऊन बसायचो. स्टोव्हवर चहा ठेवत, गाळणीतून शेवटचा थेंब पडेपर्यंत गाळत आणि दाराबाहेर पाण्याकडे बघत बसत. मला तेवढ्यानं बरं वाटे.

दोन हजार साल उलटल्यावर एक वर्ष फार वाईट आलं. पाऊस अर्ध्यावरच थांबला. दिवाळीतच मोजपट्टी उघडी पडू लागली. वरच्या अंगाला पाणी सोडायच्या मोजक्या पाळ्या दिल्या आणि फेब्रुवारीत प्रश्न उरला तो शेवटच्या टोकाच्या गावाचा. संत्र्याच्या झाडांना एक जादा पाळी मिळाली तर बागा वाचणार होत्या, नाहीतर झाडं उभी वाळणार होती. निर्णय पाणीवाटपाच्या बैठकीत व्हायचा होता. रजिस्टराप्रमाणे पाणी थोडक्यासाठी कमी पडत होतं.

त्याच गावात मामाजींची मुलगी दिली होती. एकुलती एक. बैठकीच्या चार-पाच दिवस आधी ती भर दुपारी धरणावर आली. एसटीतून उतरून तीन किलोमीटर चालत आली होती. तिच्या सासऱ्यानं लावलेली दीडशे झाडं होती, घर त्यांच्यावर चालत होतं. मी खोलीत बसलेलो होतो, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, मले खरं सांगा. पानी हाय का नाई?"

मामाजींनी तिला कोणासाठी विचारतेस म्हणून विचारलं नाही. "नाई, माय," ते म्हणाले.

"थोडंसं बी?"

"रजिस्टरात लेहलं हाय ना. साहेबाची सही हाय."

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं.

"गावात लोक मले म्हनून राह्यले, तुहा बाप मोजते अन् तुह्याच झाडाले पानी नाई," ती म्हणाली. "म्या म्हनलं, माहा बाप खोटं मोजत नाई." मामाजींनी पुढे केलेला चहा तिनं घेतला नाही. बस चुकेल म्हणाली आणि निघाली. मामाजी तिच्यामागे गेटपर्यंत गेले, तो कप हातात तसाच धरून.

त्या पोरीचं तोंड काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हटलं, एकदा स्वतः पाहावं. दोन बोटं इकडेतिकडे निघाली तर बैठकीत बोलता तरी येईल. दुसऱ्या दिवशी मामाजी दूध आणायला गेलेले पाहून मी कित्येक वर्षांनी त्या पायऱ्या उतरलो.

पट्टीवरचा आकडा मी तीनदा वाचला. चष्मा काढून वाचला, घालून वाचला. रजिस्टरात होतं त्यापेक्षा पाणी वीतभर जास्त होतं. एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर वीतभर म्हणजे थोडं नव्हे. शेवटच्या टोकाची जादा पाळी त्यात निघाली असती. उरलं मात्र काही नसतं.

धापा टाकत वर आलो तर मामाजी वरच्या पायरीवर बसलेले. दुधाची पिशवी बाजूला ठेवली होती.

"पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"मामाजी, हे काय आहे?"

"राखून ठेवलं हाय जी. दिवाळीपासून रोज थोडंथोडं कमी लेहतो. सूर्याच्या नावावर टाकतो. थो काय तक्रार करत नाई."

"किती वर्षं?"

"तुमी यायच्या आंधीपासून."

म्हणजे इतकी वर्षं मी दर सकाळी खोट्याखाली सही करत आलो होतो. ते शांतपणे बोलत राहिले. खूप वर्षांपूर्वी, अशाच एका कमी पावसाच्या साली, त्यांनी अगदी खरं लिहिलं होतं. बैठकीत पाणी दिसलं तसं वाटून झालं. मे महिन्यात गावाचे नळ कोरडे पडले.

"दवाखान्यात बाळंतिनीले पानी नवतं, साहेब. मी सायकलवर पिपे नेले, पन मानूस किती नेईल? पानी दाखवलं का वाटल्या जाते. मांगनारे समोर बसले राह्यतात, त्याइले नाई कोन म्हनन? मे महिना काई बैठकीले येऊन बसत नाई. म्हनून मी त्याच्यासाठी ठेवतो."

"आणि तुमची पोरगी?" मी जवळजवळ ओरडलोच. "काल ती दारात येऊन उभी राहिली!"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. डोळे लाल होते. रात्रभर झोपले नसावेत.

"दुसऱ्या कोनाची पोरगी असती तं कदाचित काढलं असतं," ते म्हणाले. "आपल्या पोरीसाठी काढलं तं मंग थे पानी माह्या घरचं झालं. मंग मी चोर." मग म्हणाले, "सही तुमची हाय. सांगायचं तं सांगा बैठकीत. मी नाई म्हनत नाई."

मी बैठकीला गेलो. शेवटच्या टोकाचे शेतकरी भिंतीशी बसले होते, त्यात मामाजींचा जावईही होता. आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" दोघं-तिघं हसले. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "बरोबर ना?" मी म्हणालो, "बरोबर."

आज विचार करतो, मी का गप्प बसलो? गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी, असं सांगायला मला आवडेल. ते थोडंफार खरंही असेल. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गाव नव्हतं. इतक्या वर्षांच्या माझ्या सह्या होत्या, चौकशी होती, मुलाची दहावी होती. मामाजींनी ते पाणी राखलं ते कोणासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी नुसता भ्यालो होतो.

मे महिन्यात गंमत झाली, तिला गंमत म्हणावं की काय कोण जाणे. आसपासच्या सगळ्या गावांत टँकर फिरू लागले आणि आमच्या रजिस्टरात मात्र पाणी उतरायचंच थांबलं. भट्टीसारखं ऊन आणि बाष्पीभवन जवळजवळ शून्य! मामाजी राखलेलं पाणी बोटाबोटानं परत करत होते. मोठ्या साहेबांनी फोनवर माझ्या काटकसरीचं कौतुक केलं. जून अर्धा कोरडा गेला, तरी तालुक्याचे नळ दिवसाआड का होईना, चालू राहिले. लोक दिवसाआडसाठी शिव्या देत होते. मामाजी ऐकून घेत.

त्या पावसाळ्याआधीच शेवटच्या टोकाच्या बागा तुटल्या. जावयानं स्वतःच्या हातानं कुऱ्हाड चालवली म्हणतात. नंतर तो कारंज्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाला लागला. दीडशे संत्र्याच्या झाडांचा मालक तिथे ट्रकवाल्यांची ताटं उचलू लागला. मुलगी माहेरी येईनाशी झाली. दिवाळी गेली, पुढची दिवाळी गेली. मामाजी दर भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जायचे आणि दारातूनच फराळाचा डबा देऊन परत यायचे. तिनं कधी बसा म्हटलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

"एकदा सांगून टाका तिला," मी म्हणत असे.

"सांगून झाडं येतात का परत?" एवढंच त्यांचं उत्तर.

माझी बदली झाली, मग ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी, मी निरोपाला गेलो होतो तेव्हा, त्यांनी नवीन चौकीदाराला पायऱ्या दाखवल्या आणि कुठली पायरी शेवाळलेली असते ते सांगितलं. बाकी काही सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही. मी फार थकलो होतो आणि मला खरोखर जाणून घ्यायचं नव्हतं.

चार वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी तेरवीला गेलो. अंगणात मांडव होता, पंगत बसली होती. मुलगी वाढत होती. केस पिकले होते तिचे, वयापेक्षा लवकर. तिनं मला ओळखलं. हातातला पाण्याचा जग तसाच घेऊन ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, आता तं बाबा बी गेले. त्या साली पानी होतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तिचा बाप खोटं मोजत नव्हता, असं सांगून तिला तेवढा तरी धीर देता आला असता. पण माझ्यानं पुन्हा मान हलवणं झालं नाही.

"होतं," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. पायऱ्या, पट्टी, दवाखाना, मे महिना. बापाचं ते "मंग मी चोर" हेही सांगितलं.

मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोल लावेल. ती झाडांबद्दल एक अक्षर बोलली नाही. मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली,

"मले सांगतलं असतं बाबानं, तं मी कोनाले सांगत होती जी?"

पंगतीतून कोणीतरी पाणी मागितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती वाढायला गेली.